'पुन्हा टाका, झालं!' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

चौघांच्या पाळ्या ठरवणाऱ्या फाशांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "बरोबरी झाली तर पुन्हा टाका, झालं! एवढ्यासाठी गणित पाजळायची काय गरज?" शिवाय एक चूक काढलीत, पाच खेळाडूंचं काय असं विचारलंत आणि असे फासे मिळत नाहीत म्हणून कुरकुरलात.

चूक आधी. 864 च्या जागी 846 पडलं होतं, दुरुस्त केलंय. 12 बाजूंचे 4 फासे, म्हणजे 20,736 शक्यता. चौघांचे क्रम 24. प्रत्येक क्रमाच्या वाट्याला 864. आभार.

आता 'पाजळायची'. मतभेद मला चालतात. पण समोर बसला असतात तर हा शब्द तोंडातून निघाला असता का?

आणि ते 'झालं!' होतं कुठे? सहा बाजूंचे साधे चार फासे टाका. 1296 पैकी फक्त 360 वेळा चारही आकडे वेगळे पडतात. बाकी दहातल्या सात वेळा कुठे ना कुठे बरोबरी. (नुसता पहिला कोण एवढंच हवं असेल तर 900 वेळा एका फेकीत निकाल लागतो, हे खरं. पण लेख पूर्ण क्रमाबद्दल होता. वाचला असेल तर.) पुन्हा टाकणं अन्यायाचं आहे असं मी म्हटलंच नव्हतं. प्रश्न असा की टाकायचे कोणी? सगळ्यांनी, की बरोबरीवाल्यांनीच?

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. चार भावंडांत मी शेंडेफळ. दादाचा आकडा खाली पडला आणि आमची बरोबरी झाली, की 'सगळ्यांनी पुन्हा'. त्याचा वर असला, की 'तुमचं तुम्ही बघा'. माझी पाळी कितवी यायची ते सांगायला हवं का?

लेखातल्या, म्हणजे एरिक हार्शबार्गर आणि रॉबर्ट फोर्ड यांनी रचलेल्या 12 बाजूंच्या फाशांत ही रडीच संपते. चारही फाशांवर मिळून 1 ते 48, प्रत्येक आकडा एकदाच, म्हणजे बरोबरी होतच नाही. मी पुठ्ठ्याचे करून पाहिलेत. एकावर 1, 8, 11, 14, 19, 22, 27, 30, 35, 38, 41, 48. दोन्ही टोकांकडून जोड्या लावा: 1 नि 48, 8 नि 41, दर वेळी 49. चारही फाशांवर तेच, प्रत्येकाची बेरीज 294. (नुसत्या बेरजा जुळल्या म्हणून क्रम समान येत नाहीत. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर त्यावरही प्रतिक्रिया यायची.)

फासे मिळत नसतील तर मी काय करू? माझं दुकान नाही.

पाच जणांचे क्रम 120. पाचही फाशांना सारख्याच बाजू हव्या असतील आणि सगळे क्रम समान यायला हवे असतील, तर बाजूंच्या संख्येला 30 ने भाग जायलाच हवा. 12 ला जात नाही. यावर वेगळा लेख लिहायला घेतला होता. तुमची प्रतिक्रिया वाचून तूर्त बाजूला ठेवलाय.