नोटपॅडला तरी सोडा रे!

साधी पीडीएफ उघडली तरी आधी उजवीकडून एआयची (कृत्रिम बुद्धिमत्तेची) पट्टी सरकत येते, 'या डॉक्युमेंटचा सारांश हवा का?' अरे दोन पानांचं वीजबिल आहे ते, सारांश कसला डोंबलाचा, मला रक्कम आणि शेवटची तारीख बघायचीय आणि नेमकी तीच त्या पट्टीखाली झाकली जाते! बंद करायला गेलं तर पर्याय काय, तर 'आत्ता नको' आणि 'नंतर आठवण करा', कायमचं बंद कर असं बटणच नाही, आणि सेटिंगमध्ये खोल जाऊन बंद केलं तरी पुढच्या अपडेटला परत हजर. बरं नोटपॅड, १९८५ पासून विंडोजबरोबर येतंय, काम काय तर साधा मजकूर लिहिणं, त्यातही आता 'रीराइट', म्हणजे एआयकडून मजकूर पुन्हा लिहून घ्यायची सोय, घुसवलंय आणि ते वापरायचं तर म्हणे अकाउंटने साइन इन करा. २०२४ पासून तर नव्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची, वेगळी की पण आलीय. कोणी मागितलं होतं हे? माझ्या बाबांचा ४ जीबी रॅमचा लॅपटॉप, बिचारे बँकेचं स्टेटमेंट बघायला बसतात आणि ब्राउझर उघडेपर्यंत पंखा घरघरायला लागतो, या एआयच्या ओझ्यापायी त्यांना सारखा नवा लॅपटॉप कुठून आणून द्यायचा? नको म्हटलं की नको, एवढं एक बटण द्या की राव!