युद्धातली विनोदी गाणी घरबशांची नव्हती

युद्धकाळातल्या विनोदी गाण्यांबद्दल एक मत सर्रास पसरवलं जातं: ती घरी सुरक्षित बसलेल्यांची करमणूक होती, खरे सैनिक असलं काही गात नसत, त्यात मेलेल्यांचा अपमान होतो आणि ती सरकारनंच लोकांना गुंगवायला लिहून घेतली. मला हे मत चुकीचं तर वाटतंच, अन्यायाचंही वाटतं.

सैनिक गात नसत? पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या एका गाण्यात सार्जंट कुठे सापडेल, क्वार्टरमास्टर (रसदीचा अधिकारी) कुठे सापडेल, असं विचारत वरच्यांची खिल्ली उडवली जाई. शेवटी प्रश्न येई आपल्या पलटणीचा. ती रणांगणातल्या काटेरी तारांवर मरून लटकलेली असे. हे घरबशाला सुचणार नाही.

अपमानाचा आरोप मला सर्वात जास्त खटकतो. १९४४ साली इटलीत लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या कानावर आलं की मायदेशी कोणीतरी त्यांना ‘डी-डे चुकवणारे’ म्हटलंय. डी-डे म्हणजे जून १९४४मध्ये दोस्तसैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस. इटलीच्या किनाऱ्यावर सालेर्नोला ते सप्टेंबर १९४३मध्येच उतरले होते, म्हणजे नॉर्मंडीच्या नऊ महिने आधी. पुढे इटलीतच आन्झिओ आणि कासिनोच्या लढायांत माणसं मरत राहिली. त्यांनी ‘लिली मार्लेन’ या जर्मन गाण्याची चाल उचलली आणि आपण इथे कशी वाइन पीत मजा मारतोय, सालेर्नोला जर्मनांनी कसं छान स्वागत केलं, असं खवचटपणे मांडलं. शेवटच्या कडव्यात मात्र चिखलपावसातले क्रूस येतात. खाली झोपलेत तेही डी-डे चुकवणारेच, असं गाणं सांगतं. आधीची थट्टा नसती तर ते कडवं इतकं लागलं नसतं. मेलेल्यांची बाजू याहून जोरात कोणी मांडली?

राहिला सरकारचा मुद्दा. नाझी प्रचारखात्याने स्विंग (जॅझच्या धर्तीचं नाचाचं संगीत) वाजवणाऱ्या बँडकडून इंग्रजी गाण्यांची विडंबनं करून ब्रिटनकडे प्रसारित केली, हे खरंच आहे. पण त्यावरून सगळ्याच गाण्यांवर शिक्का मारता येत नाही. १९४३मध्ये ब्रिटिश नाटककार आणि गीतकार नोएल कॉवर्ड यांनी जर्मनांना दयामाया दाखवू पाहणाऱ्यांची खिल्ली उडवणारं गाणं लिहिलं. उपरोध न कळलेल्या श्रोत्यांनी तक्रारी केल्या आणि बीबीसीने ते वाजवणं थांबवलं. चर्चिलना मात्र ते फार आवडत असे. पंतप्रधानांच्या आवडीचं गाणंसुद्धा जिथे रेडिओवर टिकलं नाही, तिथे सगळी गाणी सरकारच्या हुकमाने निघत होती असं कसं म्हणणार?