उंदराचं पुस्तक

आज डोकं फिरलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी न वाचता लाईक ठोकून पुढं जावं, नेहमीसारखं.

रविवारी सकाळी आमच्या गावच्या वाचनालयात माझी चक्कर असते. पेपर चाळायचे, दोन पुस्तकं बदलायची, ग्रंथपाल ताईंशी पाच मिनिटं बोलायचं आणि घरी. आज देवघेवीच्या टेबलापुढं एक पोरगी उभी होती. नववीतली असेल. उन्हातून आलेली, तोंडाला बांधलेला स्कार्फ अर्धाच सोडलेला. तिनं हळूच विचारलं, "नारुतो आहे का?"

ताईंना कळलं नाही. मला कळलं, कारण घरात पुतण्या आहे. जपानी चित्रकादंबरी. गाव ज्याला जवळ करत नाही असं एक अनाथ पोरगं निंजा व्हायला निघतं, त्याची गोष्ट. आमच्याकडची लेकरं मोबाईलवर हिंदीत त्याचं कार्टून बघतात आणि मग कुणीतरी सांगतं की ह्याचं पुस्तक आहे. म्हणजे बघा, पोरगी मोबाईल घरी ठेवून, भर उन्हात सायकल हाणत पुस्तक मागायला आली होती. आपण सगळे ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं गळा काढतो ती पायानं चालत टेबलापर्यंत आली होती!

तिथं कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "ते कार्टून? ते लहान पोरांचं असतंय." मग उठले, कपाटातून व्यक्तिमत्त्व विकासाचा एक ठोकळा काढला आणि तिच्या हातात दिला. "हे वाच. दहावी आली आता."

पोरगी "हो" म्हणाली. दोन पानं उलटली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेली. सायकलचं स्टँड पाडल्याचा आवाज मी आतून ऐकला.

मी काय केलं? काही नाही. पेपर हातात धरून मूग गिळून बसलो. म्हणून आता इथं बडबडतोय.

थांबा, अजून आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला मी जेवणावळी टाळून त्या पैशांची काही पुस्तकं वाचनालयाला दिली होती. त्यात मुद्दाम चित्रकादंबऱ्या होत्या. आज ती पोरगी गेल्यावर त्या शोधायला गेलो, तर कुठं सापडाव्यात? जिन्याखाली, बालविभागात. रंगवायच्या वह्या आणि बाराखडीच्या पुस्तकांत. 'माउस' नावाचं पुस्तक इसापनीतीला खेटून उभं. का, तर मुखपृष्ठावर उंदीर आहे! अहो, त्यातले उंदीर म्हणजे ज्यू आणि मांजरं म्हणजे नाझी. लेखकाचा बाप ऑशविट्झच्या छळछावणीतून जिवंत परतला, त्याची ती गोष्ट आहे. १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळालाय. ते पहिलीच्या लेकरासाठी ठेवलंय, आणि ज्या वयाच्या पोरांनी ते वाचावं त्यांना सांगतोय, चित्रं आहेत, तुमच्या कामाचं नाही. एवढ्या कपाटांत दोन्हीकडून चुकायचं म्हणजे कसब लागतं.

देवघेवीचं रजिस्टर बघितलं. दोन वर्षांत 'माउस' एकदाही कुणाच्या नावावर गेलेलं नाही. "पोरं वाचतच नाहीत." वाचतील कुठून? आडात नाही असं नाही हो, आड झाकून ठेवलाय.

आता माझी जुनीच गोष्ट. काही जणांनी ऐकलेली आहे, परत ऐका.

मी नववीत होतो. किल्लारीच्या भूकंपाच्या पुढचं वर्ष, १९९४. वडील शिंपी. बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर मशीन. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मराठीच्या गुरुजींनी वर्गात वाचायच्या पुस्तकांची यादी दिली होती, त्यात पहिलं 'मृत्युंजय'. मी नेलं. जाडी बघूनच घाम फुटला. तीन दिवसांनी परत. "वाचलं?" "वाचलं." दुसरं नेलं, दोन दिवसांत परत. तिसरं नेलं. चौथ्या खेपेला ग्रंथपाल अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "कामून खोटं बोलूलालास रे? पानं चिकटलेली हायेत ती बी सुटली न्हाईत."

मला वाटलं आता नाव कमी करतात. पण त्यांनी विचारलं, "शाळेतून आल्यावर काय करूलालास?"

"काज-बटन."

अण्णा आत गेले. येताना हातात एक पुस्तक, फार जाड नाही, पुठ्ठा दोऱ्यानं शिवलेला. रा. रं. बोराडे यांचं 'पाचोळा'. "ह्यात एक शिंपी हाय. वळखीचा वाटतो का बघ."

बास. एवढंच. व्याख्यान नाही, वाचन प्रेरणा दिन नाही, व्यासपीठावर शाल नाही.

(पंधरा ऑक्टोबरला आमच्याकडं काय होतं सांगू? पोरांना रांगेत बसवून हातात पुस्तक देतात, फोटो काढतात, पुस्तकं परत गोळा करतात. फोटोत निम्म्यांचं पुस्तक उलटं असतं.)

'मृत्युंजय'वर माझा राग नाही. माझ्याच वर्गातल्या एका मित्रानं ते तीनदा वाचलं आणि कर्णासाठी रडला. मान्य. त्याला ते मिळालं ते बरोबरच झालं. पण तो तो होता आणि मी मी. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची पाच सूत्रं आमच्या वाचनालयात फ्रेम करून लावलीत, १९३१ ची. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. आज त्या फ्रेमच्या बरोबर खाली बसून पोरगी परत पाठवली.

आणि कादंबऱ्यांचं तरी काय? मागं मी एका नववीच्या पोराला 'शाळा' काढून दिली. मिलिंद बोकील यांची. नववीतल्याच पोरांची गोष्ट, आणीबाणीच्या काळातली. तर मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं की त्यात "तसलं" आहे, पालक ओरडतील. तसलं म्हणजे काय, तर एका पोराला एक पोरगी आवडते. नववीतल्या पोरांची गोष्ट नववीतल्या पोरानं वाचायची नाही, मग ती काय पेन्शनरांनी वाचायची? तेच वाचतात म्हणा. आमच्याकडच्या प्रतीवर शेवटचे सहा सभासद साठीच्या पुढचे आहेत.

एक मुद्दा खाली येणारच, म्हणून आधीच लिहितो. चित्रकादंबऱ्यांत काही पानं कोवळ्या पोरांना झेपणारी नसतात. हो, नसतात. 'पर्सेपोलिस'मध्ये, म्हणजे इराणच्या क्रांतीत वाढलेल्या मुलीच्या आठवणींत, तुरुंगातल्या छळाचं चित्र आहे. ते सातवीला देऊ नका. दहावी-अकरावीला द्या आणि देताना दोन वाक्यं बोला. पण बोलायचं तर आधी आपण ते उघडून बघायला लागतं ना! अडचण तिथं आहे.

दुसरा मुद्दा, ही पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, महाग, आणि आमच्या लेकरांचं इंग्रजी बेताचं. खरंय. 'नारुतो'चे तर ७२ भाग आहेत, सगळे घ्यायचे म्हटलं तर वाचनालयाची एक खोली विकावी लागेल. पण पहिले तीन घेऊ की. आणि इंग्रजीचं म्हणाल तर चित्रांमुळं अर्धं काम आधीच झालेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत आठवीच्या एका पोराला मी माझं घरचं 'भीमायन' दिलं. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं, परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं. त्यात मसूर स्टेशनवर उतरलेली, तहानलेली लेकरं आहेत. पोरगं बोट ठेवून ठेवून वाचत होतं, अडलेले शब्द मोबाईलवर बघत होतं. मग मी त्याला सांगितलं की बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९३४ चा दौलताबादच्या किल्ल्यावरचा प्रसंगही लिहिलाय. हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून लोक अंगावर आले होते. पोरगं म्हणालं, "काका, आम्ही तर तिथं सहलीला गेल्तो. कुणीच न्हाई सांगितलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

अण्णांकडं परत येतो. त्या रात्री मी 'पाचोळा' उघडलं आणि पहिल्यांदा मला कळलं की आपण घरात बोलतो ती भाषा छापता येते. शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सगळी गोष्ट, आमच्या माईसारखीच बोलणारी. मी मोठ्यानं वाचायला लागलो. दादा मशीनवर होते, सणाचं काम होतं. जरा वेळानं पायडल थांबलं. मला वाटलं ओरडणार. ते म्हणाले, "शिंप्याचं कोण लिवतंय?" मी नाव सांगितलं, लेखक आपल्या काटगावचे आहेत म्हणून सांगितलं. "हं" म्हणाले आणि पायडल सुरू. पण हळू. ऐकू येईल इतकं हळू.

खरं सांगायचं तर मला निम्मं कळलं नव्हतं. त्या घराची वाताहत होते, ते वाचून मी दोन दिवस दादांच्या तोंडाकडं बघत होतो. आणि दादांनी त्यानंतर आयुष्यात दुसरं पुस्तक ऐकलं नाही, हेही सांगतो. फार काही चमत्कार झाला नाही. मी मात्र अण्णांशी खोटं बोलणं बंद केलं. नावडलं तर "न्हाई जमलं" म्हणून परत द्यायचो, आणि ते दुसरं काढायचे. कधी रहस्यकथा, कधी फाटके इंद्रजाल कॉमिक्स. हो, कॉमिक्स! नोंद न करता, टेबलाच्या खणातून.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या ज्येष्ठांचंही काय चुकतंय? लातूर पॅटर्नच्या मुलखात वाढलेले लोक आपण. पुस्तक म्हणजे मार्क. वरच्या मजल्यावर अभ्यासिका भरलेली असते, तिच्या फीवर लाईटबिल भागतं, अनुदान येईल तेव्हा येतं. हे गृहस्थ ऐंशीच्या घरात असून रोज येतात, स्वतःच्या हातानं पेपर लावतात. वाईट माणूस नाही. पण मग त्यांनी एकदा तरी विचारायचं होतं, "नारुतो म्हणजे काय गं?" पोरीनं अर्धा तास सांगितलं असतं. त्या वयाची पोरं कुणी विचारलं तर थांबत नाहीत.

नाही, परत राग आला. जाऊ द्या.

ताईंना आत्ताच फोन केला. ती पोरगी सभासद नाही, नाव-पत्ता काही नाही. त्यांना एवढंच आठवतंय की सायकलला निळी बास्केट होती. उद्या सोमवार, वाचनालय बंद. परवा जिन्याखालची पुस्तकं वर कादंबरीच्या कपाटात आणायचं ठरलंय. ताई म्हणाल्या, "आणा, कुणी विचारलं तर मी म्हणते, चुकून लागली." निळ्या बास्केटवाली पोरगी कुणाच्या ओळखीची असेल तर कळवा. नाव इथं कमेंटमध्ये टाकू नका, इनबॉक्समध्ये सांगा. आणि कुणाच्या पोराचे 'नारुतो'चे सुरुवातीचे भाग वाचून पडून असतील तर मला द्या, मी येऊन नेतो.

आणि एक कबुली. अण्णांचं 'पाचोळा' मी कधी परत केलंच नाही. अनामतीतून पैसे कापून घेतले त्यांनी, न बोलता. दोऱ्यानं शिवलेला पुठ्ठा अजून तसाच आहे, आत्ता समोर आहे. मघाशी मनात आलं होतं, पोरगी सापडली की तिला हेच द्यावं. मग आठवलं, ती निंजा मागायला आली होती.