‘दोन शिखरांची बेरीज’ म्हणे!

नमस्कार. सोन्याच्या नॅनोपट्ट्यांमधल्या फानो अनुनादावरच्या (रुंद आणि अरुंद अनुनादांच्या व्यतिकरणातून शिखरात पडणाऱ्या खाचेवरच्या) लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “हा फानो वगैरे काही नाही, दोन लॉरेंट्झ शिखरांची बेरीज आहे. वक्र शून्याला टेकतही नाही. आणि कपलिंग एवढं जोरदार असेल तर ते सरळसरळ शिखराचं दुभंगणं. आलेखही ऊर्जेवर नाही. लॅबचं तोंड तरी पाहिलंय का कधी?”

मतभेदाला ना नाही. पण स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याची लायकी काढायची, हे जरा अतीच झालं. इलेक्ट्रॉन बीमने असल्या पट्ट्या लिहिण्यात आणि त्यांचे स्पेक्ट्रम घेण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. लॅबचं तोंड चांगलं ओळखीचं आहे, कळावे.

एक मान्य. आलेख तरंगलांबीवर काढला होता आणि फिट इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये केलं होतं, हे लेखात सांगायला हवं होतं. साधं सममित लॉरेंट्झ शिखरसुद्धा (एकट्या अनुनादाचा घंटेसारखा वक्र) तरंगलांबीच्या अक्षावर थोडं कलंडलेलं दिसतं. तेवढ्यापुरता तुमचा मुद्दा बरोबर.

आता ती बेरीज. रचना लेखात होती, पण वाचायचं राहिलेलं दिसतं, म्हणून पुन्हा सांगतो. एक आडवी पट्टी आणि तिच्या एका अंगाला, २०-३० नॅनोमीटरची फट ठेवून, दोन उभ्या समांतर पट्ट्या. हिला डोल्मेन म्हणतात. प्रकाश आडव्या पट्टीच्या लांबीच्या दिशेने ध्रुवित ठेवला की ती पट्टी थेट चेतते आणि रुंद शिखर देते. उभ्या जोडीचा चतुर्ध्रुवी मोड (इलेक्ट्रॉनांच्या डोलण्याची एक तऱ्हा) मात्र वेगळा : दोन्ही पट्ट्यांमधले प्रवाह एकमेकांविरुद्ध, एकूण द्विध्रुव शून्य. सरळ पडणारा प्रकाश त्याला हातही लावू शकत नाही. त्याला चेतवतं ते आडव्या पट्टीचं निकटक्षेत्र (पट्टीला अगदी लगटून असलेलं विद्युतक्षेत्र), आणि तो उलट तिच्यावरच विरुद्ध फेजने काम करतो. म्हणून रुंद शिखरात अरुंद खाच पडते.

हे तपासायला फिटिंगचं सॉफ्टवेअर लागतच नाही. एकाच काचेवर, एकाच सोन्याच्या थरातून तीन नमुने काढा : नुसती आडवी पट्टी, नुसती उभी जोडी आणि पूर्ण डोल्मेन. त्याच ध्रुवणाखाली तिन्हींचं एक्स्टिंक्शन, म्हणजे शोषून आणि विखरून गेलेला एकूण प्रकाश, मोजा. नुसत्या जोडीचा वक्र खाचेच्या जागी जवळपास सपाट येतो. पहिल्या दोघांची बेरीज केलीत तर एकच शिखर उरतं. डोल्मेनचा वक्र मात्र खाचेत एकट्या आडव्या पट्टीच्याही खाली जातो. धन आकडे मिळवून एखाद्या आकड्यापेक्षा कमी उत्तर आणायची कला तुमच्याकडे असेल तर शिकवा.

तुमचं दोन शिखरांचं फिट बसलंही असेल. सहा पॅरामीटर मोकळे सोडले की बरंच काही बसतं. फक्त एका शिखराची उंची ऋण आली आहे का, तेवढं बघा. आणि मला तीव्रतांची नाही, आयामांची बेरीज म्हणायची होती, असं आता म्हणाल, तर आयाम फेजसकट मिळवावे लागतात. त्यालाच व्यतिकरण म्हणतात. मग वाद घातलात कशासाठी?

मोजताना लोक फसतात त्या जागा वेगळ्याच आहेत. ०.९ न्यूमेरिकल अॅपर्चरची, म्हणजे फार रुंद कोनातून प्रकाश टाकणारी, ऑब्जेक्टिव्ह भिंग लावली की तिरके किरण जोडीचा मोड थेट चेतवतात, आणि तुमची ‘सपाट’ जोडी सपाट राहत नाही. नमुने ५०० नॅनोमीटर अंतराच्या जाळीत मांडले असतील तर १.५२ अपवर्तनांकाच्या काचेत ७६० नॅनोमीटरला जाळीचीच विसंगती (नमुन्यांच्या ठरावीक अंतरामुळे उठणारी खाच) येते. जाळीचं अंतर २० नॅनोमीटरने वाढवून बघा. खाच ३० नॅनोमीटरने सरकली तर ती डोल्मेनची नव्हे. लिहिताना जोडीला आडव्या पट्टीइतकाच डोस (बीमचा मारा) दिला तर शेजारची पट्टी लिहिताना काचेतून परतणारे इलेक्ट्रॉन फट बुजवतात. लिफ्ट-ऑफनंतर, म्हणजे नको असलेलं सोनं खालच्या लेपासकट उचलून काढल्यावर, फटीत सोन्याचा पूल राहतो आणि मोडच बदलतात. फट बघण्याचा मोह होतो, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नमुना स्पेक्ट्रम घेऊन झाल्यावरच ठेवावा. बीमखाली कार्बनचा थर चढतो आणि अनुनाद सरकतो. चिकटवणीचा क्रोमियमचा दोन-तीन नॅनोमीटरचा थरही शिखर रुंद करतो. हे सगळं निस्तरलेल्या माणसाला लॅबचं तोंड पाहिलंय का म्हणून विचारताय!

शून्याला न टेकण्याचं उत्तर एका ओळीत : फानोने १९६१ मध्ये अणूंच्या ऑटोआयनायझेशनसाठी (उत्तेजित अणूने आपणहून इलेक्ट्रॉन सोडण्यासाठी) सूत्र दिलं, त्यात धातूतलं शोषण नव्हतं. गॅलिने आणि मार्टिन यांनी २०११ मध्ये त्या व्ययासाठी सूत्रात वेगळं पद घातलं, आणि त्याच पदामुळे खाच भरून येते.

दुभंगण्याबद्दल इथे बोलत नाही. फट किती, रेषारुंदी (शिखराची रुंदी) किती हे न विचारता मारलेला तो शेरा आहे. तुमच्याकडे खरंच स्पेक्ट्रम असेल तर कच्चे आकडे ऊर्जेच्या स्तंभासकट इथेच डकवा आणि फट किती ते लिहा. लॅबची चौकशी नको.