‘ओसाड रान’ आणि बून घराण्याची जमीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हेही सांगून टाकतो.

तुमचे आक्षेप दोन. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या केंटकीत वसाहत करायला गेलेला शिकारी डॅनियल बून, त्याच्या घराण्यावरच्या लेखात मी ‘केंटकीचं रान तेव्हा ओसाड होतं’ असं म्हटलं आणि वर त्याची जमीन गेली म्हणून गळे काढले. दुसऱ्याची जमीन लाटणाऱ्याचं कसलं एवढं दुःख? शिवाय त्याच्या मुलीच्या, जेमायमाच्या जन्माची कुजबुज मध्ये कशाला?

‘ओसाड’ हा शब्द चुकलाच. त्यात वाईट हे की, बूनला स्वतःलाही ते रान ओसाड नाही हे पक्कं ठाऊक होतं. केंटकीचं वर्णन त्याने ज्याच्याकडून ऐकलं तो जॉन फिनली 1752 साली तिथल्या एस्किपाकिथिकी या शॉनी या मूळ रहिवासी जमातीच्या गावात व्यापार करत होता. गाव होतं, म्हणूनच गिऱ्हाईक होतं ना! पुढे 1769 च्या डिसेंबरात शॉनींनी बूनला पकडलं, त्याने जमवलेली हरणाची कातडी काढून घेतली आणि ही आमची शिकारीची जागा आहे, पुन्हा फिरकलास तर गांधीलमाश्या डसतील, अशी तंबी देऊन सोडून दिलं. तरी 1773 मध्ये तो बायकापोरांसह निघालाच. त्या वाटेवर त्याचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. सोळा वर्षांचा होता. त्याच्या आईने, रिबेकाने पुरण्यासाठी तागाची चादर पाठवली.

पण त्याची जमीन गेली हे लिहिणं म्हणजे गळे काढणं, हे मला मान्य नाही. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं; तिथल्या 1779 च्या कायद्याने वसाहत करणाऱ्याला 400 एकर आणि लगतच्या आणखी 1000 एकरांवर पहिला हक्क मिळत होता. आधी सरकारी मोजणी नव्हतीच. ज्याने त्याने जाऊन झाडावर खूण करायची, ओढ्यापासून अमुक झाडापर्यंत अशी हद्द लिहायची आणि नोंद करायची. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांत ‘पूर्वेस ओढा, पश्चिमेस बाभळ’ असतं, तसंच. फरक इतकाच की, इथे एकाच ओढ्यावर तिघाचौघांचे दावे कौलांसारखे एकावर एक चढलेले. आणि गंमत म्हणजे बून स्वतःच मोजणीदार होता! त्याच्या मोजण्या ढिसाळ निघाल्या, लोकांनी त्याच्यावरच दावे लावले, ते निस्तरताना त्याच्या स्वतःच्या जमिनी गेल्या. 1799 मध्ये, पासष्टीच्या घरात, तो मिसूरीत स्पेनच्या मुलखात गेला. तिथे मिळालेले सुमारे 850 एकरही मुलूख अमेरिकेकडे आल्यावर कागदावर टिकले नाहीत. 1814 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने ते परत दिले, तर बहुतेक देणेकऱ्यांच्या घशात गेले.

म्हणजे शॉनींची जमीन गेली ती बूनसारख्यांच्या हातून, आणि मग ती गेली वकिलांच्या, सट्टेबाजांच्या हाती. दुसरी गोष्ट लिहिल्याने पहिली झाकली जात असेल, तर दोष माझ्या त्या एका शब्दाचा. तेवढा दोष मी घेतो, सगळा नाही.

जेमायमाबद्दल थोडक्यात. ती डॅनियलच्या भावाची मुलगी, ही कुजबुज त्या काळापासूनची आहे. खरी की खोटी, यावर मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. नवरा शिकारीला म्हणून 1769 ते 1771 अशी दोन वर्षं गायब, दहा बाळंतपणं, शेत एकटीने रेटायचं. रिबेकाचा संसार कसा होता आणि गाव त्याकडे कसं बघत होतं, हे त्या कुजबुजीतून दिसतं. ती काढणार नाही.

एक चूक मात्र तुमच्याही नजरेतून सुटली. जेम्स कसा मेला हे आपल्याला कळलं ते अ‍ॅडम नावाच्या गुलामामुळे. नदीकाठच्या वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगात लपून त्याने सगळं पाहिलं आणि बरेच दिवस रानात भटकून परतल्यावर सांगितलं. मी मात्र ‘असं सांगतात’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. पुढे बूनने स्वतःही गुलाम बाळगले, तेही राहून गेलं होतं. आज दोन्ही गोष्टी लेखात घातल्या आहेत, ‘ओसाड’ खोडून तिथे एस्किपाकिथिकी आणलं आहे. वंशावळीच्या तक्त्यात अ‍ॅडमला जागा नाही, त्यामुळे त्याचं नाव जेम्सच्या नावाखालच्या ओळीत दिलं आहे.