वॅट वाचवाल तर वाचाल

दहा-बारा लाखांची रोडबाईक घ्यायची ठरवलीत, अभिनंदन. घ्यावी की नाही हा प्रश्न सामान्यांचा. तुमच्यापुढे फक्त कुठली घ्यायची एवढाच उरलाय, आणि त्याला किमान एक वर्ष तरी लागलंच पाहिजे. आठवड्याभरात सायकल निवडून मोकळा झालेला माणूस उरलेलं वर्ष करणार काय? चालवणार?

सुरुवात वजनापासून करा. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २००० साली नियम केला की शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. हा नियम शर्यतीत उतरणाऱ्यांना. तुम्ही उतरणार नाही, त्यामुळे टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचारपेक्षा हलकी सायकल बाळगण्याची मुभा तुम्हाला आहे आणि ती सोडायची नसते. स्पेशलाइज्डच्या टार्मॅक एसएल८ची एस-वर्क्स फ्रेम ६८५ ग्रॅमची असल्याचं कंपनी सांगते. पाऊण लिटरची बाटली भरली की ती फ्रेमपेक्षा जड होते. यातून सुज्ञाने काय घ्यावं? बाटली रिकामी न्यावी आणि खडकवासल्याला कुणाकडे तरी पाणी मागावं. सिंहगडावर खाल्लेल्या दोन मडकी दह्याचं वजन मात्र धरू नका. ते उतरताना असतं, आणि उतारावर वजन फायद्याचंच.

मग येतो वारा. कोलनागोने वाय१आरएस ही सायकल आणली तेव्हा दावा केला की आधीच्या व्ही४आरएसपेक्षा ताशी ५० किलोमीटरला पायांची २० वॅट ताकद वाचते. ताशी ५० तुम्हीही गाठता, कात्रजचा घाट उतरताना, दोन्ही ब्रेक घट्ट धरून. म्हणजे वाचवलेले वीस वॅट तुम्ही तिथल्या तिथे डिस्कमध्ये जाळता. पण वाचले होते, हे महत्त्वाचं. सायकलस्वाराला अडवणाऱ्या वाऱ्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग त्याच्या स्वतःच्या अंगावर येतो, असली माहिती कुणी देऊ लागला तर विषय बदला. अंग बदलून मिळत नाही, फ्रेम मिळते.

घरच्यांसाठी एक किस्सा तयार ठेवा. १९८९ची टूर द फ्रान्स लॉरां फिन्यों अवघ्या आठ सेकंदांनी हरला. शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकेकट्याने पळायच्या टप्प्यात, विजेत्या ग्रेग लेमाँडच्या हँडलला हवा कापायला पुढे आलेल्या दांड्या होत्या, डोक्यावर निमुळतं हेल्मेट होतं. फिन्यों तसल्या दांड्यांविना आणि बोडक्या डोक्याने, मागे शेंडी उडवत गेला. हे ऐकवल्यावर घरातून उत्तर येईल, ‘अहो, कोपऱ्यावरून दूध आणायला तुम्हाला पाऊण तास लागतो.’ तिथेच मुद्दा सिद्ध झाला. चालू सायकल हळू आहे.

एक घ्यावी की दोन, यावर तज्ज्ञ ठाम आहेत, फक्त वर्षं वेगवेगळी आहेत. एके काळी स्पेशलाइज्डवाले सांगत, सपाटीला व्हेंज, घाटाला टार्मॅक. २०२० मध्ये म्हणाले, व्हेंज कशाला, एकच पुरे. ट्रेकने २०२४ मध्ये घाटाची एमोंडा सपाटीच्या मडोनमध्ये विलीन केली. टायरचंही तेच. २३ मिलिमीटरचा कडक फुगवलेला टायर पळतो म्हणून सगळ्यांनी हाडं खिळखिळी करून घेतली. आता कळतंय की २८चा मऊ टायर जास्त पळतो. म्हणजे आमचा दूधवाला इतकी वर्षं काळाच्या पुढे होता. तुम्ही घ्याल ती सायकल तीन-चार वर्षांनी मंद ठरणार, हे तिच्या कंपनीतच आत्ता ठरत असणार. म्हणून घाई नको. ‘नवी येतेय’ हे वाक्य बाराही महिने खरं असतं.

कुळाकडे दुर्लक्ष नको. नाव इटालियनच हवं, बियांकी, पिनारेलो, कोलनागो, शेवटी स्वर लांबवता येईल असं. बऱ्याच नामवंतांच्या कार्बन फ्रेमा तैवानात किंवा चीनमध्ये घडतात आणि कोलनागो तर २०२०पासून अबू धाबीच्या गुंतवणूकदारांची झाली, पण आत्मा मिलानजवळ कुठेतरी आहेच. तैवानची जायंट जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी. इतर ब्रँडांसाठीही ती सायकली बनवत आलीय. तरीही स्वतः बनवलेल्या सायकलवर स्वतःचंच नाव घालते. अशा सरळमार्गी कंपनीची सायकल घेऊन चहाच्या टपरीवर बोलणार काय?

जॉमेट्रीचा तक्ता, म्हणजे स्टॅक आणि रीच, फ्रेमची उंची आणि लांबी, पत्रिकेसारखा पाहावा. जुळत नसेल तर जुळवून देणारा गाठावा. हँडलखालच्या चकत्या काढून ते शक्य तितकं खाली बसवा. फोटोत पाठ सपाट दिसते. फोटो काढून होईपर्यंत तशी राहिली तरी पुष्कळ.

गिअर इलेक्ट्रॉनिकच. शिमानोच्या ड्युरा-एसमध्ये पुढे ५०-३४ दात्यांची हलकी चक्रंही मिळतात, पण तुम्ही जड ५४-४० मागा, दुकानदार नम्र होतो. सिंहगडाच्या वळणांवर हे दाते फिरवताना गुडघा काय म्हणतो ते ऐकू नका, हृदयाचे ठोके ऐका, तेही घड्याळात. चार्जर घरी विसरला असेल तर जो गिअर अडकलाय तोच तुमचा.

आता पंक्चर. डोणज्याच्या रस्त्यावर टपरीतला पोरगा सायकल हातात घेतो, एका बोटावर उचलून बघतो आणि आदराने विचारतो, ‘साहेब, यात हवा भरायची कुठून?’ तुम्ही प्रेस्टा व्हॉल्वचा इवलासा नट सैल करून दाखवता. फुस्स. उरलीसुरली जाते. त्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. त्यासाठी लागणारं पितळी टोपण दुकानात समोर ठेवलेलं होतं, पण ते काही ग्रॅमचं म्हणून तुम्ही घेतलं नव्हतं. पोरगा टायर उचकटतो, आतून पंक्चर बुजवणारा पांढरा चीक त्याच्या शर्टावर उडतो. ‘ट्यूबच नाय यात,’ तो शेजाऱ्याला ओरडून सांगतो. चार माणसं जमतात. ‘ट्यूब टाकून देऊ?’ तो विचारतो, आणि खरं म्हणजे तोच अचूक उपाय आहे. पण चार लोकांसमोर दहा लाखांच्या सायकलीत साधी ट्यूब टाकून घेणार? कॅब बोलवा.

बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला पुरा करायच्या राइडच्या, नादी लागू नका. २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात, म्हणजे ताशी पंधराहून कमी. इतक्या आरामात वारा कापला काय, न कापला काय. शिवाय तिथे मडगार्ड-कॅरिअरवाले तुमच्या आधी पोचून मिसळीचा दुसरा पाव मागत असतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे जवळपास पाच हजार किलोमीटर, पार करून आले. अशा माणसांशी बोलायला जाल तर ते झोप, आहार, सराव असलं काहीतरी सांगतील. वॅटचा विषय तुम्हालाच काढावा लागेल.

रंग शेवटी निवडा, कारण खरी निवड तिथेच आहे. वाऱ्याच्या बोगद्यातून आणि यूसीआयच्या नियमावलीतून निघालेल्या या सगळ्या सायकली नाव झाकलं तर ओळखू येणं मुश्कील. तुम्हाला कुठला आवडतो याला महत्त्व देऊ नका, पुढच्याला कुठला आवडेल ते बघा. जाहिरातीचा मजकूरही आत्ताच लिहून ठेवा, मागाहून घाई होते: ‘काळी मॅट, ५४-४०, कार्बन चाकं, एकहाती वापर, एकदाच सिंहगड. मालकाच्या कंबरेमुळे तातडीने विकणे आहे. बेल्ट सोबत मोफत.’