चुन्याला हात न लावता वारसातज्ज्ञ व्हा

पहिली सूचना: चुन्याला हात लावू नका. पोळतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की अख्खा हौद खदखदायला लागतो, वाफा निघतात, आणि एक शिंतोडा डोळ्यात गेला तर तज्ज्ञपण जागच्या जागी आटोपतं. शिवाय तो मुरायला आठवडेच्या आठवडे लागतात. तुमचा वास्तुसंवर्धनाचा कोर्स दोन दिवसांचा आहे. शनिवार-रविवार, जेवणासह.

जुन्या वास्तूंच्या संवर्धनाचं प्रमाणपत्र घ्यावं असं तुमच्या मनात आलं, त्याबद्दल आधी अभिनंदन. खान्देशात या धंद्याला उतरती कळा नाही. पडायला आलेले वाडे मुबलक, त्यांचे वारस पुण्यात नाहीतर सुरतेला, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अठरा नावं. अशा मुलखात तज्ज्ञाला मरण नाही. वाड्याला आहे, पण तो तुमचा प्रश्न नाही.

आता कागद कुठला घ्यायचा ते बघू. विलायतेच्या नादी लागू नका. तिथे फार जाच आहे. जुन्या इमारतींवर काम करणाऱ्या इंजिनिअरांची वेगळी नोंदवही, आर्किटेक्टांची वेगळी, सर्व्हेअरांची वेगळी, आणि प्रत्यक्ष बांधकाम चालवणाऱ्यांसाठी त्यांच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंगची आणखी वेगळी. नाव घालायचं तर स्वतः केलेली कामं मांडा, धंद्यातल्याच लोकांकडून ती तपासून घ्या, आणि काही वर्षांनी पुन्हा तोच खटाटोप. हिस्टॉरिक इंग्लंड या तिथल्या सरकारी वारसा संस्थेचं अनुदान एखाद्या इमारतीच्या दुरुस्तीला हवं असेल, तर कामावर असला नोंदणीकृत माणूस लागतो. मेव्हण्याचा मित्र चालत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी इकोमॉस या वास्तुवारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९३ मध्ये कोलंबोला मंजूर केलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. संवर्धन करणाऱ्याला काय काय आलं पाहिजे, याची त्यात चौदा कलमं आहेत. वास्तू वाचता आली पाहिजे. ऱ्हासाचं कारण शोधता आलं पाहिजे, आतलं आणि बाहेरचं. तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही कळेल असा अहवाल लिहिता आला पाहिजे. आपल्याला कळत नाही तिथे दुसऱ्याला कधी विचारायचं, हे ओळखता आलं पाहिजे. त्या वास्तूत राहणाऱ्या लोकांशी बोलून काम करता आलं पाहिजे. खरं सांगतो, मी ही कलमं वाचली तेव्हा घटकाभर गप्प बसलो. चौदांत एकही कलम लेटरहेडबद्दल नव्हतं.

आपल्याकडे असली अडचण नाही. वास्तुविशारदांचा कायदा १९७२ चा. त्याखाली नाव नोंदलं जातं ते वास्तुविशारद म्हणून. याला चुना कळतो का, असा रकाना त्या नोंदणीत नाही. संवर्धनाची पदव्युत्तर पदवी मिळते, ती खरी असते आणि ती घेणारे लोक खरंच अभ्यास करतात. म्हणून त्यांच्यापासून लांब राहा. दोन वर्षं घालवून शेवटी ते 'आधी बघू, मग ठरवू' एवढंच म्हणायला शिकतात. गिऱ्हाइकाला असलं बोलणं आवडत नाही.

पोट भरण्यासाठी कुठलं काम धरायचं, तेही सांगून ठेवतो. थाळनेरच्या फारुकी कबरी, बळसाण्याची मंदिरं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर, इकडे फिरकूही नका. ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून भोवतालच्या शंभर मीटरांत बांधायला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची रांग. तिथे फक्त हेरिटेज वॉक काढा, आणि परतताना शेतात भरीत पार्टी ठेवा. वॉकला बारा लोक येतात, भरिताला चाळीस. खरा बाजार आहे तो असंरक्षित मालाचा: वाडे, वेशी, गढ्या, गावातली देवळं. तिथे तुम्हाला कोणी काही विचारत नाही.

देवळांचं तर विचारूच नका. काळ्या दगडाच्या गाभाऱ्यात पांढरी टाइल, शिखराला ऑइलपेंट, सभामंडपाला ग्रॅनाइट आणि ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं कोरलेली. याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. इंग्लंडातही जीर्णोद्धाराच्या नावाखाली चर्चचं जुनं सगळं खरवडून काढायचे. त्याला कंटाळून विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्थाच काढली. आपल्याकडे कोणी संस्था काढायच्या आत वर्गणी जमते.

आता पाहणीला जाताना कसं जायचं. हे मी अनुभवाने सांगतो, कारण आमच्या अमळनेरकडच्या घरी असाच एक तज्ज्ञ येऊन गेला. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग, बॅगेत ओल मोजायचं यंत्र. त्याने यंत्राच्या दोन सुया माजघराच्या भिंतीत खुपसल्या. यंत्र वाजलं. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "ताप किती आलाय हो तिला?" तो हसला नाही. तुम्हीही हसू नका. तज्ज्ञ हसला की फी कमी होते.

पुढच्या आठवड्यात अहवाल आला. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत कागद, एकवीस फोटो, त्यांतल्या चौदांत तो स्वतः. काकूंनी तीन पानं चाळली आणि अहवाल पापडांवर झाकण म्हणून ठेवला. निदान एका वाक्यात होतं: भिंतीला ओल आहे. हे आम्हाला १९९८ पासून ठाऊक होतं. उपाय असा, की जुना गिलावा काढायचा आणि कंबरेएवढ्या उंचीपर्यंत वॉटरप्रूफ पावडर घालून सिमेंटचा गिलावा मारायचा.

आता यातली खुबी नीट समजून घ्या, तुमच्या धंद्याचं सगळं गणित तिच्यावर आहे. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्याआधीच्या भिंतीने तर सिमेंटचं नावही ऐकलेलं नसतं, आणि नंतरही कितीतरी वर्षं आपल्याकडे माती, वीट, चुना हेच चालू होतं. असली भिंत पाणी पिते आणि वारा लागला की सोडते. चुना तिला ते करू देतो. हवेतला कर्बवायू घेत घेत तो स्वतः हळूहळू पुन्हा दगड होतो, पण तोंड बंद करत नाही. सिमेंट तोंड बंद करतं. आत अडकलेलं पाणी मग वर चढतं, विटेतले क्षार सोबत नेतं, आणि सिमेंट जिथे संपतं तिथून बाहेर पडतं.

म्हणजे पहिला पावसाळा झकास जातो. भिंत कोरडी ठणठणीत, घरमालक खूश. तेवढ्यात शेवटचा हप्ता उचला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल कंबरेवरून खांद्याला येते, वर पांढरा लोणा फुटतो, गिलाव्यावर बोटं वाजवली की ढब ढब आवाज येतो आणि त्यामागे विटेचं पीठ झालेलं असतं. आमच्याकडे अगदी असंच झालं. पण तोवर तुमचा फोन 'संपर्कक्षेत्राच्या बाहेर' असायला हवा, म्हणजे काम नव्याने कोणालातरी मिळतं. तो कोणीतरीही प्रमाणित असतो.

ओलीचं खरं कारण आमच्या गल्लीतल्या मिस्तरी नानांनी दारात चप्पल काढता काढता सांगितलं. गल्लीचं काँक्रीट तीनदा झालं, दर वेळी जुन्यावरच नवं. आमच्या ओट्याच्या दोन पायऱ्या त्यात गाडल्या गेल्या आणि रस्ता जोत्याच्या वर आला. नाना अहिराणीतच बोलतात. म्हणाले, "पानी गल्लीमाईन येई राहिनं, भितना काय दोष?" हे कोलंबोच्या कलमांपैकी 'बाहेरचं कारण' झालं. नानांनी कोलंबो पाहिलेलं नाही. त्यांची धाव शिरपूरपर्यंत.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांबद्दल मात्र थोडा अभ्यास लागेल, कारण इथे लोकांना स्वतःलाच बरंच कळतं. सागाच्या सरांवर, म्हणजे तुळयांवर, कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काड्या, त्यावर निंबाचा पाला, चिखल, आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे पांढरी माती. मिरगाच्या आधी दर साल नवी खारी टाकायची, चोपायची, पन्हळी साफ करायच्या. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा या धाब्याखाली माणूस दुपारी झोपू शकतो, आणि शेजारच्या स्लॅबखाली अंड्याचं आमलेट होतं. म्हणून तुम्ही सल्ला द्यायचा तो स्लॅबचा. देखभालीची कटकट नको, म्हणायचं. मातीच्या भिंतींवर एवढं वजन कसं पेलणार, असं एखाद्या म्हाताऱ्याने विचारलं तर 'लोड कॅल्क्युलेशन' हा शब्द हळू आवाजात उच्चारा.

एका गोष्टीवर अजून कोणी पेपर वाचलेला नाही, तुमच्यासाठी राखून ठेवतो. धाब्यावर चांगली पांढरी माती हवी म्हणून लोक ती गावच्या गढीतून खणून आणत आले. पिढ्यान्‌पिढ्या. गढी अर्धी कोसळली, धाबी मात्र गळली नाहीत. म्हणजे एक वारसा खाऊन दुसरा जगला. याला तुम्ही 'स्थानिक साहित्याचा शाश्वत वापर' असं नाव द्या आणि गढीच्या उरलेल्या बुरुजासमोर फोटो काढा. जरा लवकर काढा.

नानांकडे वळू. वर्गात कोणी विचारेलच, की ज्यांना काम येतं त्यांना प्रमाणपत्र का नाही? मिळतं की! बांधकाम कामगार म्हणून नोंद करायची तर आधीच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वयाच्या पंधराव्या वर्षापासून परांचीवर चढलेल्या नानांना नव्वद दिवसांचा कागद गोळा करायला चांगले चार महिने लागले. ठेकेदार म्हणाला, ग्रामसेवकाकडे जा. ग्रामसेवक म्हणाला, ठेकेदाराकडे जा. त्या काळात मजुरी बुडाली, म्हणून पुढचे नव्वद दिवस मोजताना पुन्हा तूट.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक धंदे, त्यांत राजमिस्त्री. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ओळखपत्रासह प्रमाणपत्र. नाना गेले. थापी कशी धरायची हे त्यांना पडद्यावर दाखवलं. मी विचारलं, काय शिकलात? म्हणाले, "खुर्चीवर बशीसन बी दिवस भरस."

पण नानांना साधुसंत करू नका, फसाल. चुन्यात गूळ किती, बेलफळाचं पाणी किती, विटेची सुरखी किती बारीक, हे त्यांना बापाकडून आलंय. चुना मळायच्या घाणीच्या दगडी चाकामागे बैल हाकण्यात त्यांचं लहानपण गेलं. तरी मारुतीच्या देवळाची भेग त्यांनी परवा सिमेंटने बुजवली, आणि चुना सुचवला तर मलाच झापलं. कमिटीला हनुमान जयंतीच्या आत काम हवं होतं, चुना भट्टीवरून आणायचा तर जवळपास भट्टी उरली नाही, आणि मुरवायला वेळ देणारं गिऱ्हाईक तर त्याहून दुर्मीळ. मुलगा पुण्याला जिम्नॅस्टिकच्या हॉलचं पीओपी करतो. बापाचं प्रमाण त्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आणि हो, पांझरा नदीवरचे ते फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायचे, जुने बंधारे वर्गात दाखवू नका. कित्येक पिढ्यांपूर्वी बांधले, त्यांच्या पाण्यावर शेतं भिजली, आणि बांधणाऱ्यांपैकी कोणाचा नोंदणी क्रमांक विचारला तर पंचाईत होईल.

आता तुमच्या परीक्षेबद्दल. घाबरू नका, मी दिलीय. ऑनलाइन होती, वीस प्रश्न, चार पर्याय. सतराव्या प्रश्नात विचारलं होतं, कळीचा चुना भिजवून किती मुरवावा? मी 'रात्रभर' वर टिचकी मारली. इडलीचं पीठ डोक्यात होतं. तरी पास झालो. प्रमाणपत्रावर सोनेरी वेलबुट्टी, खाली दोन सह्या, दोन्ही एकाच हातच्या वाटाव्यात अशा, आणि माझ्या आडनावातला एक काना गायब. दुरुस्तीसाठी वेगळी फी आहे. या बाबतीत संवर्धनाचं तत्त्व पाळून मी मूळ स्वरूपाला धक्का लावलेला नाही.

ते लॅमिनेट करून माजघरात टांगायला गेलो. सिमेंटच्या गिलाव्यात खिळा ठोकला तर परातीएवढा पापुद्रा सुटून पायाशी आला. नाना तिथेच होते, काकूंनी चहाला थांबवलं होतं. त्यांनी डावा तळवा पुढे केला, तंबाखूवर डबीतला चुना लावला, अंगठ्याने मळला, आणि जमिनीवरचं प्रमाणपत्र उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं. उजेडाकडे धरून प्लॅस्टिकची कड नखाने तपासली.

"लॅमिनेशन केवढाले पडनं?"

"वीस रुपये."

"माले धा मा करी दिन्हं," नाना म्हणाले, आणि चहाची बशी तोंडाला लावली.